पित्तनलिकेच्या दारात

आपल्या मराठी भाषेने पित्तावर मोठा अन्याय केला आहे. कोणी संतापला की त्याचे पित्त खवळले, असे आपण म्हणतो. जागरण झाले, उपाशीपोटी दोन कप चहा झाला आणि छातीत जळजळू लागले की, "आज पित्त झालंय," म्हणून आमसुलाचे सार मागतो. वास्तविक छातीत जळते ते जठरातले आम्ल. पित्ताचा त्यात बहुधा काही हात नसतो. खरे पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. दिवसाकाठी तो अर्धा ते एक लिटर तयार होतो, त्यातला काही पित्ताशयात साठतो आणि आपण तूप-तेलाचे काही खाल्ले की ते पचवण्यासाठी आतड्यात उतरतो. हा रस आपण होऊन कोणाच्या वाटेला जात नाही. पण त्याची वाट अडली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. आणि अडलेल्या रसात जंतू शिरले तर हुडहुडी भरून ताप येतो व माणूस एक-दोन दिवसांत मृत्यूच्या उंबरठ्याशी जाऊन पोहोचतो.

मी मराठीचा प्राध्यापक. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार शून्य. परंतु गेल्या दोन वर्षांत या अडलेल्या वाटेची दोन प्रकरणे मी जवळून पाहिली. एक माझ्या घरातले, दुसरे आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या घरातले. पहिले सुखाने पार पडले, दुसरे जिवावर बेतले. दोन्ही ठिकाणी उपाय एकच होता: तोंडावाटे दुर्बीण आत घालून पित्तनलिकेच्या दाराशी जायचे. डॉक्टर मंडळी त्याला ई.आर.सी.पी. म्हणतात. एकाच उपायाचे असे दोन टोकांचे परिणाम का व्हावेत, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मग विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहे.

एक दार, दोन बिऱ्हाडे

पुण्याच्या जुन्या वाड्यांत दोन बिऱ्हाडांना मिळून एकच दिंडी दरवाजा असे. आत गेले की एकाचा जिना वर, दुसऱ्याचा सरळ मागे. आपल्या पोटातही असाच प्रकार आहे. यकृताकडून येणारी पित्तनलिका शाळेतल्या पेन्सिलीएवढी, म्हणजे सहा-सात मिलिमीटर रुंद असते. ती स्वादुपिंडाच्या डोक्यामागून खाली उतरते. स्वादुपिंडाची स्वतःची नलिका तिला तिथेच येऊन भेटते आणि दोघी मिळून जठराच्या पुढच्या आतड्यात बहुधा एकाच दाराने उघडतात. हे दार म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवरचा एक लहानसा उंचवटा. त्याच्या टोकाला एक-दोन मिलिमीटरचे छिद्र.

या लहानशा जागेला युरोपातल्या तीन संशोधकांची नावे चिकटली आहेत. १६४२ साली इटलीतल्या पादुआ येथे विर्सुंग याने स्वादुपिंडाची नलिका शोधली. पुढच्याच वर्षी बिचाऱ्याचा खून झाला. १७२० साली जर्मनीतल्या विटेनबर्गच्या फाटर याने त्या उंचवट्याचे वर्णन केले. आणि १८८७ साली पेरुजा येथील ओड्डी या विद्यार्थ्याने दाराभोवतीचे स्नायूंचे कडे दाखवून दिले. ते कडे आवळते, सैल होते आणि रस सोडायचा की नाही ते ठरवते.

यातले शेजारचे बिऱ्हाड, म्हणजे स्वादुपिंड, मोठे तापट आहे. मांस आणि चरबी पचवणारे रस ते तयार करते. पण आपल्या घरात ते निष्क्रिय, जणू कुलूपबंद ठेवते. कुलूप उघडते ते आतड्यात गेल्यावर. दाराशी धक्काबुक्की झाली, तिथे सूज आली, रस मागे तुंबला, तर हे कुलूप आतच उघडते आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. कुंपणानेच शेत खावे, तसे. यालाच स्वादुपिंडाचा दाह म्हणतात. पुष्कळांचा तो तीन-चार दिवसांत निवळतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र तो आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात ठेवतो आणि क्वचित प्राणही घेतो.

दुर्बीण दारापर्यंत कशी पोहोचली

पूर्वी पित्तनलिकेत खडा अडकला की पोट फाडण्यावाचून गत्यंतर नसे. आतून, तोंडावाटे तिथवर जायचे तर वाकणारी दुर्बीण हवी. तिच्या जन्मात आपल्या एका देशबांधवाचा हात आहे. पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवले आणि ते संशोधन १९५४ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बेझिल हर्शोविट्झ यांनी १९५७ साली अशा तंतूंची जठरदुर्बीण बनवली आणि प्रथम ती स्वतःच गिळून पाहिली. आजच्या दुर्बिणीत तंतूंच्या जागी टोकाला चिमुकला कॅमेरा असतो, पण मूळ पाऊल ते.

या दारात नळी घालण्याचा पहिला प्रयत्न १९६८ साली वॉशिंग्टनच्या मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी दुर्बिणीच्या अंगाला एक बारीक नळी चिकटपट्टीने बांधली होती! चार रुग्णांमागे सुमारे एकातच त्यांना यश आले. पाठोपाठ जपानी डॉक्टरांनी आणि कारागिरांनी बाजूला पाहणारी दुर्बीण सिद्ध केली. एस.टी.च्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला जसे समोरचे न दिसता बाजूचे दिसते, तसे हिला आतड्याची भिंत समोरासमोर दिसते. १९७३-७४ साली जर्मनीत क्लासेन व डेमलिंग आणि जपानात कावाई यांनी विजेच्या तारेने ते स्नायूंचे कडे आतूनच कापून खडा बाहेर काढण्याचा मार्ग खुला केला. १९७९ साली हॅम्बुर्गच्या सोहेन्द्र यांनी अडलेल्या नलिकेत प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवली. आपल्याकडेही ही विद्या चांगली रुजली. हैदराबादचे डॉ. नागेश्वर रेड्डी आणि मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना या क्षेत्रातल्या कार्यासाठी पद्म पुरस्कार मिळाले आहेत.

घड्याळात अकरा वाजता

आता माझ्या घरातली हकीकत. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. आठ वर्षांपूर्वी तिचे पित्ताशय काढलेले. गेल्या वर्षी भाद्रपदात तिला उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या, डोळे पिवळे झाले. शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला तेव्हा भावोजी घाबरले आणि आम्ही तिला शहरात हलवले. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. आत नऊ मिलिमीटरचा खडा.

तिथले पोटविकारांचे डॉक्टर निघाले माझे जुने विद्यार्थी. अकरावी-बारावीला माझ्याकडे मराठी होते. प्रतिजैविके चालू झाली, रक्त गोठण्याची तपासणी झाली, आणि संध्याकाळी ते आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "सर, खडा काढणं हे पुढचं काम. आधी बरोब्बर त्या नलिकेत शिरणं, हेच यातलं अवघड. तिथं जास्त खटपट झाली की स्वादुपिंड चिडतं."

मी विचारले, "मग तुम्हाला कळतं कसं, की कुठली नलिका कुठली?"

त्यांनी कागदावर एक घड्याळ काढले. मधोमध तो उंचवटा. "पित्तनलिका वर, घड्याळाच्या अकराच्या दिशेनं जाते. स्वादुपिंडाची सरळ आत, एकच्या बाजूला. म्हणून आम्ही दुर्बीण थोडी खाली ठेवतो आणि खालून वर, अकराच्या रोखानं जातो."

पूर्वी नळीचे टोक छिद्रात टेकवून क्ष-किरणात दिसणारे औषध सोडत आणि कोणती नलिका भरते ते पाहत. त्यात औषध दाबाने स्वादुपिंडात घुसण्याचा धोका असे. आता बहुतेक ठिकाणी आधी एक मऊ टोकाची, मिलिमीटरहूनही बारीक तार पुढे सरकवतात. तार अकराच्या दिशेने यकृताकडे वर गेलेली क्ष-किरणाच्या पडद्यावर दिसली, की मगच औषध सोडायचे. अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करून २०१३ साली जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार या तारेच्या पद्धतीने दाहाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. एवढासा बदल, पण हजारो लोकांचे दुखणे त्याने वाचवले.

दुसऱ्या दिवशी अक्काला भूल देऊन पालथे झोपवले. आम्ही बाहेर बसलो. भावोजी एरवी देवाधर्माच्या फारसे वाटेला जात नाहीत. त्या दिवशी त्यांचे ओठ सारखे हलत होते. चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि नंतर त्यांनी मला सारे चित्रण दाखवले.

पहिल्या प्रयत्नात तार स्वादुपिंडाच्या नलिकेत गेली. त्यांनी ती हळूच मागे घेतली. दुसऱ्यांदाही ती तिकडेच गेली. या वेळी त्यांनी ती काढली नाही, तिथेच राहू दिली. त्या तारेने शेजारचे दार अडले, वळणही थोडे सरळ झाले, आणि तिच्या शेजारून दुसरी तार सरकवली ती नेमकी पित्तनलिकेत गेली. मग कडे थोडेसे कापले, फुगा फिरवून खडा खाली ओढला. त्याबरोबर गढूळ पित्ताचा लोंढा आला. शेवटी स्वादुपिंडाच्या नलिकेत एक छोटी प्लॅस्टिकची नळी ठेवून दिली, म्हणजे दाराशी सूज आली तरी शेजाऱ्याचा रस तुंबायला नको. ही नळी बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप गळून पडते; न पडल्यास काढावी लागते. शिवाय काम सुरू होण्यापूर्वीच गुदद्वारातून इंडोमेथासिन नावाच्या साध्या, जुन्या औषधाच्या गोळ्या ठेवल्या होत्या.

या गोळ्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दाह टाळण्यासाठी कितीतरी महागडी औषधे तपासून झाली होती. २०१२ साली अमेरिकेत ६०२ रुग्णांवर, ज्यांना दाहाचा धोका अधिक होता अशांवर, या स्वस्त गोळ्यांची चाचणी झाली. गोळी न मिळालेल्यांत १६.९ टक्के लोकांना दाह झाला; गोळी मिळालेल्यांत ९.२ टक्के. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत गोळ्यांच्या जोडीला ती छोटी नळीही ठेवली, तर धोका आणखी उतरतो असे दिसले: १४.९ वरून ११.३ टक्क्यांवर. मूत्रपिंडे अधू असलेल्यांना किंवा या औषधाची वावडी असलेल्यांना मात्र ते देता येत नाही.

"दुसऱ्यांदा तार काढली का नाही?" मी विचारले.

"सर, आमच्याकडे एक हिशेब आहे. पाच, पाच आणि एक. उंचवट्याला पाचाहून जास्त वेळा हात लागला, पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला, किंवा शेजारच्या नलिकेत एकाहून जास्त वेळा शिरलो, तर हे दार अवघड आहे असं समजायचं. मग तेच तेच करत बसायचं नाही. पद्धत बदलायची."

हा हिशेब युरोपातल्या दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेने घालून दिला आहे. पद्धत बदलायची म्हणजे काय, तर अक्कासारखी दोन तारांची युक्ती करायची. किंवा सुईसारख्या विजेच्या चाकूने उंचवट्याला वरून छेद देऊन वाट करायची. हे दुसरे काम मुरलेल्या हाताचेच. आणि तेही साधले नाही तर थांबायचे. दोन-चार दिवसांनी सूज ओसरल्यावर पुन्हा पाहायचे, अधिक अनुभवी डॉक्टरांकडे पाठवायचे, किंवा रुग्णाला तातडी असेल तर त्वचेतून, यकृतातून नळी घालून पित्ताला वाट करून द्यायची.

ज्याला गरज कमी, त्यालाच धोका जास्त

अक्का चौथ्या दिवशी घरी आली. आता दुसरी बाजू.

आमच्या सहकाऱ्याच्या पत्नीचे वय चौतीस. पोटात अधूनमधून दुखे. कावीळ नाही, ताप नाही, यकृताच्या तपासण्या ठीक, सोनोग्राफीत पित्तनलिका नेहमीच्या रुंदीची. परगावच्या एका रुग्णालयात "एकदा आत पाहून घेऊ" म्हणून ही प्रक्रिया झाली. रात्री सात वाजता इंग्रजीतल्या छापील संमतिपत्रावर सही घेतली गेली. त्यात काय आहे हे कोणी समजावून सांगितले नाही. आत काहीच सापडले नाही. पण दुसऱ्या सकाळपासून पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. सव्वीस दिवस ती बाई रुग्णालयात होती, त्यांतले अकरा अतिदक्षता विभागात. ती वाचली, चौदा किलो वजन गेले आणि आता रोज इन्सुलिन घ्यावे लागते. लहान मुलगा त्या महिन्यात आमच्याकडे जेवायला असे. ताट पुढे आले की रोज एकच विचारायचा, "आईनं आज खाल्लं का?"

दाह हा निष्णात हातूनही होतो, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. इटलीत २००७ साली सुमारे सतरा हजार रुग्णांची जी गोळाबेरीज प्रसिद्ध झाली, तीत दाह साडेतीन टक्क्यांच्या आसपास, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव प्रत्येकी दीड टक्क्याच्या आत, आतड्याला भोक पडणे अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक, आणि मृत्यू हजारात तीन असे आकडे आहेत. तेव्हा दाह झाला म्हणजे कोणाचा तरी गुन्हाच, असे म्हणता येणार नाही. प्रश्न वेगळा आहे. त्या बाईंच्या बाबतीत हा धोका पत्करण्याचे कारण काय होते?

ब्रिटनमध्ये व नंतर अमेरिकेत काम केलेले पीटर कॉटन हे या विषयातले मोठे नाव. त्यांनी २००१ सालीच बजावून ठेवले आहे की, ज्यांना या प्रक्रियेची गरज सर्वांत कमी, त्यांच्याच बाबतीत ती सर्वांत धोक्याची ठरते. तरुण वय, स्त्री, कावीळ नाही, नलिका फुगलेली नाही, पूर्वी दाह होऊन गेलेला: हे सारे धोका वाढवणारे घटक. म्हातारपणी कावीळ होऊन आलेल्या माणसाला खड्यापासून सुटका मिळते. केवळ दुखते म्हणून आलेल्या तरुण बाईला बहुधा काहीच मिळत नाही आणि दाह मात्र मिळू शकतो.

याचा पुरावाही आहे. पित्ताशय काढल्यावरही पोट दुखते, तपासण्या मात्र ठीक आहेत, अशा लोकांत ओड्डीच्या त्या कड्यालाच दोष देऊन ते कापण्याची चाल होती. अमेरिकेत अशा २१४ रुग्णांवर चाचणी झाली. काहींचे कडे खरोखर कापले, काहींचे केवळ कापल्यासारखे केले. कोणाचे काय केले ते रुग्णांना सांगितले नाही. २०१४ साली निकाल लागला. वर्षभराने कापलेल्यांत २३ टक्क्यांना बरे वाटत होते आणि न कापलेल्यांत ३७ टक्क्यांना!

आणि नुसते आत पाहायचेच असेल तर आता त्यासाठी दाराला हात लावावा लागत नाही. एम.आर.सी.पी. ही चुंबकीय तपासणी बाहेरूनच दोन्ही नलिकांचे चित्र देते. टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असलेली दुर्बीणही जठरातून व आतड्यातून खडा दाखवते. म्हणून ई.आर.सी.पी. ही आता पाहण्यासाठी नव्हे, तर काही करण्यासाठीच योजावी, असा जगभरच्या तज्ज्ञांचा कौल आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेने २००२ सालीच तसे म्हटले होते.

आपण काय विचारावे

हे वाचून कोणी भिऊन जाऊ नये. खडा अडला आहे, कावीळ आणि हुडहुडीचा ताप आहे, अशा वेळी ही प्रक्रिया जीव वाचवते. तेव्हा माळ आणि काढे यांत दिवस घालवणे हाच मोठा धोका. पण घाई नसेल तर चार प्रश्न अवश्य विचारावेत.

पहिला: हे पाहण्यासाठी आहे की काही करण्यासाठी? पाहण्यासाठी असेल तर एम.आर.सी.पी.ने भागेल का? दुसरा: असे काम येथे किती वेळा होते? अमेरिकेत १९९६ साली २,३४७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत आठवड्याला एकाहून अधिक वेळा कडे कापणाऱ्या डॉक्टरांच्या हातून गुंतागुंत कमी झालेली आढळली. तिसरा: दाह टाळण्यासाठी गोळ्या, शिरेतून सलाइन, गरज पडल्यास स्वादुपिंडातली नळी, यांची तयारी आहे का? चौथा: दुर्बीण कशी स्वच्छ करतात? या दुर्बिणीच्या टोकाला तार उचलणारी एक बारीक कळ असते. तिच्या सांदीत जंतू दडून राहतात. २०१५ साली अमेरिकेतल्या काही रुग्णालयांत त्यातूनच औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची साथ पसरली होती.

आपणही काही सांगायचे असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, पूर्वी दाह झाला असेल, जठराची शस्त्रक्रिया झाली असेल, कोणत्या औषधाची वावडी असेल, तर ते आधीच सांगावे. रक्ताच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. घरी आल्यावर पोटात वाढती कळ, ताप, काळी शौचास किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रुग्णालयात परत जावे. नळी ठेवली असेल तर ती कधी काढायची ती तारीख लिहून घ्यावी. पित्तनलिकेतली नळी विसरली तर काही महिन्यांत तुंबते आणि पुन्हा तोच ताप मागे लागतो.

असे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होतो, ही समजूत सोडून द्यावी. माझ्या विद्यार्थ्याने मला कागदावर घड्याळ काढून दाखवले, त्याला दहा मिनिटे लागली. तेवढी दहा मिनिटे त्या दुसऱ्या घरात कोणी दिली असती, तर त्या बाईंनी कदाचित सहीच केली नसती.

दिवाळीचे दिवस आहेत. चकल्या, करंज्या, शंकरपाळे घरोघरी चालले आहेत. फराळानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीकडे गेली, डोळे पिवळे दिसू लागले, तर "पित्त झालंय" म्हणून आमसुलाच्या सारावर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, आणि गेल्यावर विचारा.